पिशवीतली सहा अर्धी विणकामं आणि संक्रांतीपर्यंतच्या साठ संध्याकाळी

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पुण्याहून लग्न होऊन तुम्ही ग्वाल्हेरला आलात, इथल्या थंडीनं पहिल्याच वर्षी हिसका दाखवला, सासूबाईंकडून विणायला शिकलात, आणि तीन हिवाळ्यांत पिशवीत सहा अर्धवट कामं साठली. यजमानांच्या स्वेटरची पाठ आणि पोट तयार आहे, बाह्या नाहीत. सासऱ्यांचा मफलर दोन विती होऊन राहिलाय. आईची जाळीची शाल कुठेतरी चुकली म्हणून बाजूला पडली. भाच्यासाठी घेतलेल्या स्वेटरची नुसती पाठ झालीये आणि भाचा तीनाचा पाच वर्षांचा झाला. स्वतःचा एक पायमोजा आहे, दुसरा नाही. आणि नणंद पहिल्या बाळंतपणाला बडोद्याहून माहेरी येणार, डिसेंबरअखेरची तारीख आहे, म्हणून परवाच बाळासाठी लोकरीचं दुपटं सुरू केलंत. ते चार बोटं झालंय. तुम्ही विचारता, आधी जुनं सगळं संपवून मगच नवीन हातात घेऊ का? की जुनं सोडून देऊ? आणि संक्रांतीला प्रत्येकाच्या हातात आपल्या हातचं काहीतरी पडेल का?

मी इथे ग्वाल्हेरच्याच लष्कर भागात राहते. घरून ऑर्डरचं विणते, दुपारी चार-पाच जणींना शिकवते, याला आता ३५ वर्षं झाली. आमच्याकडे मराठी घरांतही टाक्यांना सर्रास फंदे म्हणतात आणि सुयांना सलाया, तेव्हा बोलताना माझी गल्लत होते. इथे टाके-सुया असंच लिहिते.

आधी एक गोष्ट. ‘शिस्त नाही’, ‘आरंभशूर’ असे शब्द तुम्ही स्वतःसाठी वापरलेत, ते काढून टाका. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या घरी अशी पिशवी असते. माझ्या दिवाणातही आज चार अर्धी कामं आहेत. तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. सहाही कामं एकाच पिशवीत कोंबल्यामुळे ती तुम्हाला एकच मोठं ओझं वाटतायत. प्रत्यक्षात प्रत्येक काम निराळ्या कारणानं थांबलंय, आणि प्रत्येकामागचं माणूसही मधल्या काळात बदललंय: कुणाचं माप, कुणाची गरज. म्हणून ‘आधी जुनं की आधी नवं’ याला एक उत्तर नाही. सहा उत्तरं आहेत, आणि ती काढायला एक मोकळी दुपार पुरते.

त्या दुपारी सगळी कामं दिवाणावर ओळीनं मांडा आणि प्रत्येकाची सुई नेमकी कुठे थांबली ते बघा. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलंय की विणकाम वाटेल तिथे थांबत नाही, थांबायच्या जागा ठरलेल्या आहेत. बाह्यांपाशी, म्हणजे मोठं काम दिसायला झालं आणि आता तेच तेच दोनदा करायचं आहे तिथे. चूक सापडली तिथे. लोकर कमी पडेलशी वाटली तिथे. नमुन्याची चिठ्ठी हरवून मोजणी सुटली तिथे. आणि तुकडे जोडायच्या वेळी. कितीतरी जणी उत्तम विणतात आणि शिवायला भितात. जागा कळली की उपाय कळतो, आणि बहुतेक वेळा तो आपण मनात धरलेला असतो त्याहून फार लहान निघतो.

आता तुमच्या हातात किती वेळ आहे ते मोजू या. हे मोजल्याशिवाय कुणाला काय द्यायचं ते ठरवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फोनवर १० मिनिटांचा गजर लावा, नेहमीच्या वेगानं सुलट-उलट विणा आणि टाके मोजा. तीन वर्षं विणणाऱ्या बाईचे मिनिटाला साधारण २० टाके होतात. संध्याकाळी पाऊण तास मिळतो असं तुम्ही म्हणता. म्हणजे ९०० टाके. मध्ये कुकर, फोन, दारावरची घंटा धरून ८०० धरा. कोजागिरी नुकतीच झाली. संक्रांतीपर्यंत सुमारे १२ आठवडे. त्यांतले दोन दिवाळीच्या फराळात आणि पाहुण्यांत जातील. उरले १० आठवडे, आठवड्याला सहा संध्याकाळी, म्हणजे ६० संध्याकाळी. ८०० गुणिले ६०: ४८,००० टाके. एवढीच तुमची शिल्लक. डिसेंबरच्या शेवटी ग्वाल्हेरचा मेळा सुरू झाला की त्यातल्याही दोन-तीन संध्याकाळी तिकडे जातील, आणि जाव्यात. १९०५ पासून हा मेळा भरतोय, तो चुकवून विणत बसू नका.

या ४८,००० टाक्यांत काय काय बसतं? नेहमीची जाड लोकर आणि आठ नंबरची सुई, म्हणजे ४ मिलिमीटर, घेतली तर १० सेंटीमीटर रुंदीत साधारण २२ टाके आणि उंचीत २८ ओळी येतात. तुमचं दुपटं ८० सेंटीमीटर चौरस ठरवलं असेल तर आडवे १७६ टाके, उभ्या २२४ ओळी. गुणाकार करा, ३९,००० च्या वर जातो. जे ‘पटकन होईल’ म्हणून सुरू केलंत, ते एकटंच तुमचा सगळा हिवाळा खाणार आहे. त्याच्याशेजारी यजमानांच्या दोन्ही बाह्या आणि गळा मिळून सुमारे २२,००० टाके होतात. म्हणजे डोंगराएवढं वाटणारं काम त्या दुपट्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त आहे. हा हिशेब मी दर वर्षी नव्या मुलींकडून वहीत करून घेते.

बाळाचं

दुपटं थांबवा. मला माहीत आहे की तेच तुम्हाला सगळ्यात प्रिय आहे, कारण ते नवीन आहे. पण बाळ डिसेंबरअखेर येणार, माहेरी तीनेक महिने राहणार, म्हणजे आपल्याकडची ऐन थंडी बघणार. जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, धुकं दहा-दहा वाजेपर्यंत हलत नाही. फेब्रुवारी सरला की लोकर पेटीत जाईल आणि मार्चमध्ये बाळ बडोद्याला. तिथे पुढच्या वर्षी एवढी जाड लोकर अंगात घालायची वेळ क्वचितच येईल. तेव्हा ही वस्तू दोन महिन्यांची आहे, हे धरूनच विणायची. नणंद इथेच राहणारी असती तर मी पुढच्या हिवाळ्याचं, वर्षाच्या बाळाचं माप घ्यायला सांगितलं असतं.

माझ्या मते बाळंतविड्यात तुमच्याकडून एक पुढून उघडणारा छोटा स्वेटर आणि एक टोपडं असावं. छाती ४६ सेंटीमीटर, लांबी २४. नवजात बाळाची छाती जेमतेम ३० ते ३३ असते, पण आत झबलं आणि एखादा सुती थर येतो, आणि दोन महिन्यांत बाळ बघता बघता भरतं. सुरुवातीला बाही एकदा दुमडा. पुढून उघडणारा अशासाठी, की मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून काही ओढायला नवी आई घाबरते, आणि ते बरोबरच आहे. स्वेटरचे सुमारे ११,००० टाके, टोपड्याचे ३,०००. दुपट्यासाठी आणलेलीच लोकर वापरा. बाळाला जाळीची वीण नको, बोटं अडकतात. गळ्याशी ओढून बांधायच्या नाड्या नकोत. बटणं लहान, चपटी, पक्क्या दोऱ्यानं दोनदा शिवलेली.

दुपट्याची हौस सासूबाईंच्या जुन्या मऊ सुती लुगड्यातून भागते. दोन थर टाचून घेतले की झालं. एका दुपारचं काम, आणि लोकरीच्या दुपट्यापेक्षा ते बाळाला गुंडाळायला सोयीचं पडतं. लोकरीचं जड दुपटं झोपलेल्या बाळाच्या तोंडावर सरकू शकतं, त्यामुळे पहिल्या वर्षात त्याचा उपयोग मांडीवर घेण्यापुरताच असतो.

इथे एक गोष्ट थोडी खोलात सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की सासूबाई ट्रंकेतली जुनी लोकर बाळासाठी द्यायला तयार आहेत. त्या ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर ती लोकर बाळाला वापरू नका, त्यात ठेवलेले जुने कपडेही नाहीत. डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनचा वास लोकरीत मुरून बसतो. काही बाळांना जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते, आणि अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीननं फुटतात, कावीळ वाढते. आपल्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे पहिल्या दिवसांत घरात कुणाला ठाऊक नसतं. सासूबाईंना वाईट वाटेल असं वाटत असेल तर त्या लोकरीतून सासऱ्यांसाठी काही करा, आधी चार दिवस वारा देऊन आणि धुऊन. त्यांच्या हातची आठवण घरातच राहील.

यजमानांचा स्वेटर

हा पूर्ण करा. कारण सरळ आहे: माणूस तोच, माप फारसं बदललेलं नाही, आणि सर्वांत जास्त टाके आधीच पडलेले आहेत. तरी आज रात्री पाठीचा तुकडा त्यांच्या पाठीला लावून बघा. दोन वर्षांत पोट सुटलं असेल तर घाबरू नका, दोन्ही कडांच्या शिवणीत तीन-तीन सेंटीमीटरची उलट-सुलट पट्टी घालता येते. ती मुद्दाम केलेली रेघ दिसते.

बाह्या दोन्ही एकदम विणा. लांब गोल सुईवर पहिल्या बाहीचे ५० टाके घाला, मग लोकरीचा दुसरा गुंडा घेऊन त्याच सुईवर दुसऱ्या बाहीचे ५०. प्रत्येक ओळीत आधी एक बाही, मग दुसरी. वाढवायचे टाके दोन्हीकडे एकाच ओळीत वाढतात, मुंढ्याची घट एकाच वेळी येते, आणि ‘एक झाली, आता परत तेच’ हा क्षणच येत नाही. शिकवताना मी बाह्या अशाच घालायला लावते, आणि बाह्यांपाशी थांबणाऱ्या निम्म्या जणी त्यानंच पार पडतात. दोन गुंडे एकमेकांत गुंततात, तेवढं खरं. एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला, दोन वेगळ्या डब्यांत ठेवा आणि प्रत्येक ओळीनंतर काम एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं वळवा.

पण सुरू करायच्या आधी एक काम आहे, जे कुणी सांगत नाही. दोन वर्षांत तुमचा हात बदललाय. नवशिकी घट्ट विणते. मग भीती जाते आणि टाका सैल पडायला लागतो. तेव्हाची पाठ आणि आजच्या बाह्या एकाच सुईवर केल्यात तर बाही ढगळ येईल. पाठीवर टेप ठेवून १० सेंटीमीटरमधले टाके मोजा, मग त्याच लोकरीचा तळहाताएवढा तुकडा आज विणून मोजा. जुन्यात २३ आणि नव्यात २१ येत असतील तर सुई एका नंबरनं बारीक घ्या, म्हणजे आठऐवजी नऊ. आपल्या सुयांचे नंबर जुन्या विलायती पद्धतीचे आहेत, आकडा वाढला की सुई बारीक होते. मिलिमीटरचे आकडे छापलेल्या सुया घेताना तेवढं ध्यानात असू द्या.

लोकर पुरेल का, हेही आताच बघा. दोन बाह्यांना पाठीपेक्षा थोडी जास्तच लोकर लागते. पाठीचा तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, समजा १६० ग्रॅम भरला, तर बाह्यांसाठी २०० ग्रॅम हाताशी हवी. कमी असेल तर गुंड्यावरचं कागदी वेष्टण घेऊन महाराज बाड्यावरच्या बाजारात जा. वेष्टणावर रंगाच्या क्रमांकाबरोबर रंगाईच्या खेपेचा क्रमांकही असतो. रंग तोच आणि खेप वेगळी असेल तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काही कळत नाही. दोन्ही धागे रस्त्यावरच्या उन्हात धरून बघा. खेप जुळली नाही तरी अडत नाही. नवी लोकर मनगटांच्या पट्ट्यांना आणि गळ्याला वापरा, तिथे वीण बदलते म्हणून रंगातला फरक नजरेला लागत नाही. बाहीतच वापरावी लागली तर दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या अशा आलटून पालटून घाला.

सासऱ्यांचा मफलर

तुमच्या मनात १६० सेंटीमीटर लांब मफलर आहे. ५० टाक्यांच्या रुंदीचा असेल तर अजून १६,००० च्या वर टाके लागतील. पण सासरे तो कधी घालणार? तुम्ही लिहिलंय की ते रोज पहाटे फिरायला जातात आणि संध्याकाळी देवळात बसतात. फिरायला जाणाऱ्या माणसाला लांब मफलर त्रासाचा होतो, टोकं पुढे येतात, सारखी मागे टाकावी लागतात. त्यांच्यासाठी ७० सेंटीमीटरचा गळपट्टा करा, एका टोकाजवळ उभी फट ठेवून. दुसरं टोक त्या फटीतून ओवलं की गळ्याशी घट्ट बसतो, गाठ नको, पिन नको, आणि कोटाच्या आत छातीवर सपाट राहतो. फट करायला अवघड काही नाही: मध्यावर टाके दोन भागांत वाटायचे, ८ सेंटीमीटरपर्यंत दोन्ही भाग वेगवेगळ्या गुंड्यांनी विणायचे, मग परत एका गुंड्यावर सगळी ओळ. ४० सेंटीमीटर तयार आहेत, उरले ३०, म्हणजे ४,२०० टाके. सहा संध्याकाळी.

या मफलरची सुई वर्षभर त्याच ओळीत अडकून आहे ना? मग पुढे विणण्याआधी दोन ओळी उसवा. फार दिवस सुईवर राहिलेले टाके ताणून मोठे होतात, पुढे विणलं तर नेमकी तिथे आडवी रेघ उठते आणि धुतल्यावरही जात नाही. सुई पोलादी असेल आणि मधे पावसाळा गेला असेल तर गंजाचे तांबूस ठिपकेही पडतात. माझ्याकडे एकदा एक बाई पांढराशुभ्र स्वेटर घेऊन आल्या होत्या, मुंढ्याच्या बरोबर वर अशी तांबूस ओळ, आणि त्या ती रेघ मफलरखाली झाकून घालत होत्या. तेवढीच ओळ कापून आम्ही वरचे आणि खालचे टाके परत सुईवर घेतले आणि नव्या धाग्यानं सांधले. त्याला तीन दुपारी लागल्या. आधी दोन ओळी उसवल्या असत्या तर १५ मिनिटं लागली असती.

भाच्याचा

इथे मात्र उसवा. माझा साधा ठोकताळा आहे: तीन भाग झाले असतील आणि मूल मोठं झालं असेल तर काम तसंच पूर्ण करावं आणि मूल बदलावं, शेजारपाजारी तीन वर्षांचं कुणीतरी असतंच. एकच भाग झाला असेल तर उसवून त्याच मुलाला आजच्या मापाचं काहीतरी द्यावं. तुमची फक्त पाठ झालीये. त्या लोकरीतून पाच वर्षांच्या मुलाची कान झाकणारी टोपी सहज होते. ५,००० टाके, आणि शाळेच्या रिक्षात जाणाऱ्या मुलाला टोपीचा उपयोग स्वेटरपेक्षा जास्त, शाळेचा स्वेटर त्याच्याकडे असतोच.

उसवलेली लोकर लगेच विणू नका. ती वळ्यावळ्यांची झालेली असते, टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाकून अर्धा तास भिजवा आणि न पिळता टॉवेलात दाबून सावलीत वाळू द्या. शुद्ध लोकर यानं पुन्हा सरळ होते. ॲक्रिलिकच्या, म्हणजे कृत्रिम लोकरीच्या, वळ्या पूर्ण जात नाहीत, पण विणण्याजोग्या होतात. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री किंवा वाफ मात्र कधीही देऊ नका. धागा कायमचा लोळागोळा होतो, त्यातली उसळी परत येत नाही.

उसवताना तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटतं. मुलाला शेजारी बसवा आणि धागा त्याला ओढू द्या. माझ्या नातवानं एका संध्याकाळी अख्खी पाठ उसवून दिली होती, आणि मग टोपी होईपर्यंत रोज शाळेतून आल्यावर ‘माझी कुठवर आली’ म्हणून बघून जायचा.

हिशेब

२२,००० यजमानांचे, १४,००० बाळाचे, ४,२०० सासऱ्यांचे, ५,००० भाच्याचे. एकूण ४५,२००. शिल्लक २,८०० टाके चुकांसाठी, आणि चुका होणारच. क्रम असा ठेवा: आधी बाळाचं, कारण बाळ कधी दोन आठवडे आधीही येतं. मग गळपट्टा, कारण तो लवकर संपतो आणि नोव्हेंबरच्या थंडीत सासऱ्यांच्या गळ्यात दिसला की तुमचा हात आपोआप पुढे चालतो. बाह्या त्यानंतर, आणि टोपी प्रवासाला, दवाखान्यात, जिथे मोठं काम नेता येत नाही तिथे. एका वेळी एक घरात बसून करायचं आणि एक पर्समधलं, एवढी दोनच कामं सुयांवर असू द्या. पायमोजा तुमचा स्वतःचा आहे, तो संक्रांतीनंतर. स्वतःचं शेवटी ठेवायला मी एरवी सांगत नाही, पण तुम्हाला या वर्षी सगळ्यांना द्यायचंय.

तुमचा वेग कमी असेल, घरात आजारपण आलं, नणंदेचं लवकर झालं, तर हा हिशेब कोसळेल. तेव्हा बाह्या पुढे ढकला, बाकीचं नाही. नवरा फेब्रुवारीतही स्वेटर घालेल. बाळ जानेवारीत परत जन्मणार नाही.

देताना एक चिठ्ठी बरोबर द्या: लोकर कुठली आणि धुवायची कशी. हे मी माझ्या चुकीतून शिकले. जावेला मी शुद्ध लोकरीचा, पुढे वेणीची वीण घातलेला स्वेटर दिला होता, पाच आठवड्यांचं काम. सांगितलं काहीच नाही. तिनं तो बाकीच्या कपड्यांबरोबर गरम पाण्यात मशीनला लावला. लोकरीला गरम पाणी आणि घुसळण एकदम मिळाली की तंतू एकमेकांत रुतून बसतात; स्वेटर आठ वर्षांच्या मुलीच्या मापाचा आणि नमद्यासारखा जाड होऊन बाहेर आला. ती माझ्यासमोर रडली. तिचा काही दोष नव्हता, चिठ्ठी माझी राहिली होती. तेव्हापासून मी आधी विचारते की या घरात कपडे कोण आणि कसे धुतं, आणि मशीन असेल तर ॲक्रिलिक किंवा मिश्र लोकर घेते. बाळाच्या घरात तर रोज धुणं, तिथे मऊ ॲक्रिलिकच बरं. त्यात एकच सावधगिरी, ॲक्रिलिक आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं. बाळाला शेक देताना शेगडीपाशी नेतात, तेव्हा तो स्वेटर काढून ठेवायला नणंदेला आणि सासूबाईंना आवर्जून सांगा.

राहिली आईची शाल

आईला या संक्रांतीला शाल मिळणार नाही. तिला फोन करून तसं सांगा. पुण्याच्या थंडीत तिचं अडणार नाही, आणि वाट बघायला लावण्यापेक्षा ते बरं. पण ती उसवू नका, आणि आहे तशी पिशवीत परत टाकूही नका. चूक १४ ओळी खाली आहे असं तुम्ही लिहिलंय. जाळीच्या नमुन्यात बहुतेक वेळा एक ओळ जाळीची आणि मागची ओळ साधी उलट असते. चुकीच्या खालची पहिली साधी ओळ शोधा. तिथे सगळे टाके सरळ उभे असतात, जाळीच्या ओळीत ते एकमेकांवर चढलेले असतात, म्हणून जाळीच्या ओळीत हे करू नका. बोथट टोकाच्या सुईत गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवा आणि त्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याची उजवी तंगडी उचलत या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. दिवसा करा, खिडकीपाशी. मोजून टाके पूर्ण आले की सुई काढून घ्या आणि बिनधास्त वरचं उसवा. दोऱ्यापाशी येऊन ते आपोआप थांबेल. दोऱ्याची टोकं सैल गाठ मारून ठेवा, नमुन्याच्या कागदावर ‘पुढची ओळ जाळीची’ असं लिहून तो कागद शालीतच टाचा, कडुनिंबाच्या वाळल्या पानांबरोबर सुती पिशवीत ठेवा. शाल अशी दोन वर्षंसुद्धा राहील, सुई नसल्यामुळे टाके ताणले जाणार नाहीत.

हे काम सगळ्यात आधी करा, बाळाच्या स्वेटरच्याही आधी. तुमच्याकडे लांब गोल सुई एकच आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि ती या शालीत अडकून पडलीये. ती सुटली की तीच बाह्यांना लागणार आहे.